न पळालेलं हरीण

त्या साली आलोइसची डुकरं सप्टेंबरातच साथीनं गेली. सकाळी एक आडवं झालं, दुपारी दुसरं, आणि आठवडा सरायच्या आत गोठ्याचा तो कोपरा रिकामा झाला. सरकारी माणसं आली, चुना फासून, दाराला कागद चिकटवून गेली. त्या घरात हिवाळाभर ताटात पडायचं ते डुकराचं मांस. खारवलेलं, धुरावलेलं, सॉसेजात भरलेलं. आलोइसची बायको, म्हातारी त्सेन्त्सी, रिकाम्या गव्हाणीसमोर पदराला, म्हणजे ॲप्रनला, हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "आता हिवाळ्यात पोरीच्या पुढ्यात काय वाढू?"

"जंगल आहे की," आलोइस म्हणाला आणि कुदळ घेऊन शेताकडे चालू लागला.

दिनकर त्या घरचा जावई. घरजावईच म्हणायचं. पाटण खोऱ्यातल्या गावातून शेतकीची पदवी घेऊन तो छप्पन साली म्युनिकच्या बाजूला डॉक्टरेट करायला आला. बिअरला कडूपणा आणणारी ती हॉप्सची वेल, तिच्यावर पडणारी बुरशी हा त्याचा विषय. पानं गोळा करायला तो इंगोलश्टाटच्या दक्षिणेला या टेकड्यांमध्ये हिंडायचा आणि असाच एकदा आलोइसच्या मळ्यात शिरला. आलोइसची मुलगी बुर्गी शिडीवर चढून वेलींसाठी तारा बांधत होती. पुढं जे व्हायचं ते झालं. गावानं वर्षभर तोंडं वाकडी केली, आलोइसनं दोन वर्षं. आता दिनकर आठवड्यातले काही दिवस विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काढायचा आणि उरलेले दिवस मळ्यात राबायचा. त्यांना पाच वर्षांची मुलगी होती, शुभा. बाप तिच्याशी मराठीत बोलायचा. तिला सगळं कळायचं, पण उत्तर मात्र जर्मनमधून.

गावच्या जंगलातली शिकार आलोइसच्या आजोबापासून त्या घराकडं होती. हौसेचा भाग थोडा, पोटाचा जास्त. आपल्याकडच्या भेकरापेक्षा थोडंसं मोठं असं इथलं हरीण. शरदापासून थंडीच्या अखेरीपर्यंत माद्या मारायला परवानगी असे. पण आलोइसचे कायदे सरकारपेक्षा कडक. जनावर आडवं, कूस समोर करून, उभं राहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पाडस अंगाशी असेल तर आईला हात लावायचा नाही. गोळी लागून पळालं तर उपाशीतापाशी दोन दिवस हिंडावं लागलं तरी शोधून काढायचं, रानात तडफडत सोडायचं नाही. मारलेल्यातला एक वाटा शेजारी द्यायचा. आणि शेवटचा एक रिवाज. जनावर पडलं की फर झाडाची हिरवी डहाळी त्याच्या तोंडात ठेवायची. शेवटचा घास. आपण त्याला खाणार, तर जाताना त्यानंही काही खाऊन जावं. त्या घरात हा घास घरातल्या सगळ्यात लहान माणसानं भरवायचा. बुर्गीनं लहानपणी भरवला होता. आता शुभाची पाळी होती.

दिनकरला हे सगळं आवडायचं. बंदुकीला मात्र त्याला कधी हात लावू दिला नव्हता. "तू पानं मोज," आलोइस म्हणायचा, आणि गावच्या गुत्त्यात बसलेली माणसं हसायची.

त्या वर्षी ऑक्टोबरात डॅन्यूबच्या पलीकडून बातम्या येऊ लागल्या. कोल्हे पिसाळले होते. भरदिवसा अंगणात येऊन कोंबड्यांना सोडून माणसांच्या बुटांना चावत होते. जंगलाच्या वाटांवर पिवळ्या पाट्या लागल्या. त्यांवर एकच शब्द, टोलवूट. पिसाळरोग. आलोइस पाटीसमोर थांबला, चष्मा नाकावर ढकलून त्यानं ती वाचली.

"नदी ओलांडून नाही यायचं ते," तो म्हणाला. "आपलं जंगल स्वच्छ आहे."

दिनकरनं पाटी पुन्हा एकदा वाचली.  तो दहा वर्षांचा असताना त्याचा चुलतभाऊ मोहन याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. जखम भरली, पोरगं खेळायला लागलं, सगळे विसरले. मग एका सकाळी मोहननं तांब्या तोंडाला लावला आणि किंचाळून फेकून दिला. पुढचे दिवस त्याला माजघरात कोंडून ठेवलेलं. दाराच्या फटीतून दिनकरनं बघितलं होतं. पाण्याचा आवाज आला तरी मोहनचा गळा आवळल्यासारखा व्हायचा. शुद्धीवर असताना तो आईला म्हणायचा, "मला पाणी दे गं, पण दाखवू नको." बुर्गीलासुद्धा हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर अर्धा उलटला होता. धुकं सकाळी पडायचं ते दुपारीही उठायचं नाही. हॉप्सच्या मळ्यात उंच खांबांवरच्या तारा सैल करून, गंजलेल्या कापून काढायचं काम चाललं होतं. तारेचं टोक उसळलं आणि आलोइसचा तळहात फाटला. त्यानं त्यावर थुंकून फडकं बांधलं आणि परत पक्कड उचलली. दिनकरच्या बोटांना थंडीनं भेगा पडल्या होत्या. शुभा खांबांच्या मधून धावत तारांचे तुकडे गोळा करत होती.

तिसऱ्या प्रहरी ती मादी आली.

जंगलाच्या कडेनं नाही, लपतछपत नाही, सरळ उघड्या माळावरून. कुंपणाशी येऊन उभी राहिली. दिनकर ओरडला असता तर ऐकू गेलं असतं एवढ्या अंतरावर. माणसं बघून तिनं कान हलवले नाहीत. आलोइसनं पक्कड हळूच खाली ठेवली. बंदूक अवजारांच्या छपरीत होती. तो गेला, आला, गुडघ्यावर बसला, आणि मादी तशीच होती. घशातून खरखरल्यासारखा आवाज काढत होती. गेल्या उन्हाळ्यात आलोइसचं कुत्रं म्हातारपणानं गेलं होतं. कुत्रं असतं तर तेव्हाच काही कळलं असतं.

"पाडस नाही," आलोइस पुटपुटला. "आडवी आहे. देवानंच धाडली."

गोळीचा आवाज धुक्यात बसका आला. मादी जागच्या जागी बसली आणि कलंडली.

आलोइसनं टोपी काढली. मग सुरी काढून वाकला. उजव्या हाताचं फडकं सुटलं होतं, ते त्यानं ओढून फेकून दिलं. पोट उभं फाडून आतडी बाहेर काढली, कोपरापर्यंत हात घातले. "पाय धर," तो म्हणाला. दिनकरनं पाय धरले. त्याची नजर डोक्याकडं गेली. कपाळावरचे केस गेले होते. खालची कातडी सोलवटून लाल, झाडावर घासल्यासारखी. जबड्याखाली लाळेची चिकट दोरी लोंबत होती.

आणि तेवढ्यात शुभा डहाळी घेऊन धावत आली. ओठ दातांखाली धरून, अगदी मन लावून, तिनं एका हातानं मादीचा जबडा उघडला आणि बोटांनी ती डहाळी आत, जिभेवर नीट बसवली.

"शुभा!" दिनकर ओरडला.

तिनं दचकून हात बाहेर काढला. बोटं ओली चिकट झाली होती. थंडीनं तडकलेली, नखांच्या कडेनं कुरतडलेली बोटं. तिनं ती फ्रॉकला पुसली.

"गुट, शुभी," आजोबा म्हणाला. "शाबास."

दिनकरनं तिला उचललं आणि पंपाकडं पळाला. बर्फासारख्या पाण्याखाली तिचे हात धरले आणि कपडे धुवायच्या साबणानं घासले. घासत राहिला. शुभा रडायला लागली, तरी सोडलं नाही. बुर्गी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला मराठीतला एकच शब्द यायचा, सासूच्या पत्रांतून उचललेला. तो ती नवऱ्याला चिडवायला वापरायची. आता तिनं तो घाबरून वापरला.

"अहो!" आणि पुढचं जर्मनमधून, "काय करतोयस पोरीला?"

"हरीण पिसाळलेलं होतं," दिनकर म्हणाला. "मला वाटतं, पिसाळलेलं होतं."

बुर्गीनं मागं, गोठ्याकडं बघितलं. आजोबा मादीला पाठीवर टाकून येत होता. "वाटतं की माहीत आहे?"

"माहीत कुठून असणार? डोकं तपासल्याशिवाय कळत नाही."

"मग फाटरना आत्ताच नको काही बोलूस," ती म्हणाली. बापाला ती आणि दिनकर दोघंही फाटर म्हणत. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "आधी विचार कर. ही शिकार सोडून त्यांच्याजवळ आता काय उरलंय?"

संध्याकाळी रिवाजाप्रमाणं ताजं काळीज कांद्यावर परतून पानात आलं. आलोइस मिटक्या मारत जेवला. दिनकरनं पान सरकवलं, पोट दुखतंय म्हणाला. शिजलेल्याचं भय नसतं हे त्याला माहीत होतं. पण घास गिळवेना. शुभा दूध पीत होती आणि तो तिच्या गळ्याकडं बघत होता.

सकाळी तळघरात मादी आकड्याला टांगलेली होती. आलोइस कातडं उतरवत होता. तळहाताची जखम सुजून लाल झाली होती. दिनकर पायरीवर उभा राहिला.  बोलायचं म्हणून जर्मन शब्द जुळवावे लागले, जे एरवी आता लागत नसत.

"फाटर, काल ती मादी पळाली नाही."

"नाही पळाली. मग?"

"आपण तिघं होतो. बोलत होतो. पोरगी धावत होती. तरी ती सरळ आली."

"म्हणजे तुला म्हणायचंय काय?"

"कपाळ घासून सोलवटलेलं होतं. लाळ गळत होती. टोलवूट असेल."

सुरी थांबली. म्हातारा वळला नाही. आकड्याला टांगलेलं धड हळूहळू फिरत राहिलं.

"शिकारी आधी जनावर बघतो," आलोइस म्हणाला, "मग चाप ओढतो. मला माझ्या बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. आजारी जनावर मारून पुरायचं असतं, ताटात वाढायचं नसतं. मी न बघता मारलं, असं म्हणतोयस तू."

"मी शुभाबद्दल बोलतोय. तिनं तोंडात हात घातला. आणि तुमचा हात फाटलेला आहे."

"तुमच्याकडं कुत्री पिसाळतात. तुमच्याकडं सगळंच पिसाळत असेल. इथं नाही." त्यानं सुरी पुन्हा चालवली. "तारा कापायच्या राहिल्यात. जा."

दिनकर वर आला. अंगणात उभा राहिला.  रागापेक्षा त्याला स्वतःच्या भित्रेपणाची शरम वाटली. सात वर्षं या घरचं खाल्लं, आणि या म्हाताऱ्यासमोर आवाज चढवता येत नाही. घरातून शुभाचं गाणं ऐकू येत होतं. ते ऐकताना त्याला तांब्या फेकल्याचा आवाज आठवला.

मादीचं कापलेलं डोकं शेणखताच्या ढिगामागं पुरलेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. औषध फवारताना घालायचे रबरी हातमोजे त्यानं चढवले, खताच्या काट्यानं माती उकरली. डोक्याचे डोळे उघडेच होते. डहाळी अजून दातांत होती. ते सगळं जुन्या मेणकापडात गुंडाळून त्यानं दुधाच्या बरणीत कोंबलं, झाकण सुतळीनं बांधलं आणि बुर्गीच्या समोरून चालत बसच्या थांब्यावर गेला. बुर्गी दारात उभी होती. तिनं अडवलं नाही. नुसती मान हलवली.

बसमध्ये शेजारच्या गावची एक बाई बरणीकडं बघून म्हणाली, "शहरात दूध विकता का?"

"नाही. कोबी आहे. आंबवलेला."

"वास येतोय खरा," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

इंगोलश्टाटला पशुखात्याच्या कचेरीत खिडकीमागच्या माणसानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिकार कोणी केली?"

दिनकरनं सासऱ्याचं नाव सांगितलं. सांगताना चोरी केल्यासारखं वाटलं.

"मग ते स्वतः का नाही आले? आणि तुम्ही कोण?"

"जावई."

"जावई," त्या माणसानं पुन्हा म्हटलं, जणू शब्दाचा अर्थ बघत होता, आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं. बरणी मांडीवर. आसपासची माणसं सरकून बसली. शेवटी जनावरांचा डॉक्टर आला. जाड, दमलेला, बुटांना चिखल लागलेला माणूस. त्यानं बरणीचं झाकण उचललं, एकदा बघितलं आणि बंद केलं.

"तोंडात कोणी हात घातला?"

"माझ्या मुलीनं. पाच वर्षांची आहे."

"हाताला जखम?"

"थंडीच्या भेगा."

 "नेमकं हेच व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाला. "डोकं आज म्युनिकला जाईल. उत्तर येईपर्यंत मांसाला कोणी हात लावायचा नाही. आणि उत्तर आलं की एक तासही घालवू नका."

घरी परतला तेव्हा आलोइस अंगणात लाकडं फोडत होता. खताच्या ढिगामागं उकरलेला खड्डा त्यानं बघितला होता.

"कुठं नेलंस?"

"तपासायला दिलं."

"माझं नाव दिलंस?"

"दिलं."

म्हाताऱ्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि आत निघून गेला. त्यानंतर तो दिनकरशी बोलला नाही. जेवताना मीठ हवं असलं तर बुर्गीला सांगायचा, आणि मीठ असायचं दिनकरच्या हाताशी. तळघराला त्सेन्त्सीनं कुलूप घातलं. पण एक गोष्ट दिनकर घरी यायच्या आधीच होऊन गेली होती. रिवाजाप्रमाणं एक फरा शेजारी, विधवा फ्राऊ श्टाडलरकडं पोचला होता.

वाट बघायचे ते दिवस घरात कुणी कुणाकडं नीट बघत नव्हतं आणि सगळे सगळ्यांकडं बघत होते. धुकं खिडकीला येऊन चिकटलेलं. शुभाला शिंक आली तरी बुर्गीच्या हातातलं भांडं थांबायचं. दिनकरनं शेवटी तिला मोहनचं सांगितलं. गोठ्यात, गाईला चारा टाकताना. तिनं ऐकून घेतलं, तोंडावर हात धरला, आणि एकच विचारलं, "किती दिवसांनी झालं होतं ते?"

"दोन महिने. कधी जास्तही लागतात."

"म्हणजे आपल्याला कळणारच नाही," बुर्गी म्हणाली. "पोरगी खेळत राहील आणि आपल्याला कळणार नाही."

गावात फोन होता तो गुत्त्यात. मालकीण सायकलवरून आली, उतरायच्या आधीच ओरडली, "डिंकर! इंगोलश्टाटहून फोन होता. उत्तर हो आहे म्हणून सांगा म्हणाले. कसलं हो?"

आलोइस गोठ्याच्या दारात उभा होता. हातातली बादली त्यानं खाली ठेवली.  मग आत जाऊन चर्चला घालायचा काळा कोट घालून आला आणि दिनकरला म्हणाला, तेही इतक्या दिवसांनी, "चल."

"कुठं?"

"श्टाडलरबाईकडं."

फ्राऊ श्टाडलरनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातांना व्हिनेगरचा वास होता. फरा तिनं मडक्यात मुरत घातला होता, रविवारसाठी. आलोइसनं टोपी काढली. त्याचे विरळ केस वाऱ्यानं उडत होते. दिनकरनं त्याला एवढं म्हातारं कधी बघितलं नव्हतं.

"ते मांस फेक," तो म्हणाला. "मडक्यासकट पूर. जनावर पिसाळलेलं होतं."

बाईनं भिंतीला हात टेकला. "पण तू दिलंस, आलोइस. तू दिलंस म्हणून मी घेतलं."

"मी बघितलं नाही," आलोइस म्हणाला. "समोर आलं आणि मला मांस दिसलं. जनावर नाही दिसलं." मग दिनकरकडं मान वळवून, "यानं बघितलं."

बाई आपले हात उलटसुलट करून बघत होती. कांदा चिरताना अंगठ्याला कापलं होतं. तिला घेऊनच ते परतले.

इस्पितळात लांब, हिरवट भिंतींची खोली होती. इंजेक्शन पोटात, बेंबीच्या बाजूला, रोज एक, बरेच दिवस. डॉक्टरनं आधी त्सेन्त्सीला बोलावलं, मग श्टाडलरबाईला, मग बुर्गी, दिनकर. जळत्या निखाऱ्यासारखं आत शिरायचं. आलोइस कोपऱ्यात कोट न काढता बसून होता.

"तुम्ही?" नर्सनं विचारलं.

"मला नको. माझं झालं वय. पोरीला द्या."

"फाटर!" बुर्गी ओरडली.

"नको म्हणालो ना. माझ्या चुकीचं मी बघून घेईन."

शुभानं सुई बघितली आणि ती टेबलाखाली शिरली. दिनकरनं तिला ओढून काढलं. ती लाथा मारत होती, चावत होती. "नाइन! ओपा आउख निख्ट!" ती किंचाळली. आजोबा पण नाही. "ओपा घेत नाही, मीपण नाही!" दोघी नर्सांना ती आवरेना. दिनकरनं तिचे हात धरले होते आणि त्याला माजघराचं बंद दार दिसत होतं. त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं. 

आलोइस उठला. कोट काढून खुर्चीला लावला. गॅलिस खाली केले, शर्ट वर केला. पांढरं, सुरकुतलेलं पोट उघडं पडलं. त्यावर लढाईतल्या जखमेचा जुना वण. तो शुभासमोर स्टुलावर बसला.

"इकडं बघ, शुभी. माझा हात धर."

तिनं धरला. सुई आत गेली तशी म्हाताऱ्याची हनुवटी थरथरली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "खूप दुखतं. मी घाबरलोय. तू माझा हात सोडू नकोस."

मग तिची पाळी आली. ती ओरडली, पण लाथा मारल्या नाहीत. आजोबाच्या फाटलेल्या तळहातात तिची नखं रुतली होती.

त्यानंतर रोज सकाळची बस. पोटांवर लाल गाठी उठल्या. वाकता येईना, गाईचं दूध काढताना दिनकरला स्टुलावर तिरकं बसावं लागे. त्सेन्त्सी सगळ्यांच्या पोटांवर घट्ट दह्याच्या थंड पट्ट्या ठेवायची आणि पुटपुटत जपमाळ ओढायची. सरकारी माणसं पुन्हा आली, मादीचं धड चुन्यात पुरून गेली. जंगलातली शिकार बंद झाली. गुत्त्यात आता दिनकरवर कुणी हसत नव्हतं. पण आलोइसच्या टेबलावरही कुणी बसत नव्हतं. त्यालाही तिथं जायची इच्छा उरली नव्हती.

सुया संपल्या तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आता वाट बघायची."

त्या हिवाळ्यात घरात बटाटे आणि कोबी शिजले, कोबी आणि बटाटे शिजले. बाहेर छपराएवढा बर्फ. जेवताना पेला उचलला की सगळ्यांची नजर त्या पेल्यावर. आलोइस पाणी पिताना मुद्दाम मोठा आवाज करायचा, घटाघट, आणि रिकामा पेला टेबलावर आपटायचा. एकदा सकाळी शुभाला दूध पिता पिता ठसका लागला. दूध नाकातून आलं. तिनं पेला दूर लोटला आणि गळ्याला हात लावला.

कुणी हललं नाही. त्सेन्त्सीच्या हातात पावाची सुरी तशीच होती.  बुर्गी हळूच म्हणाली, "शुभा, पी बाळा. अजून एक घोट."

"नाइन."

"एकच."

"त्याच्यावर साय आहे," शुभा जर्मनमधून म्हणाली. "मला साय नाही आवडत."

आलोइस उठून बाहेर गेला. दिनकर मागं गेला तेव्हा तो बर्फात, गोठ्याच्या भिंतीला डोकं टेकून उभा होता. खांदे हलत होते. दिनकर जवळ जाऊन थांबला.  त्यानं म्हाताऱ्याची पडलेली टोपी उचलली, झटकली आणि हातात धरून राहिला. दोघं तसेच उभे राहिले, थंडीनं पाय बधिर होईपर्यंत.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. बर्फ वितळून मळ्यात चिखल झाला. श्टाडलरबाई ठणठणीत होती. आलोइसच्या तळहातावर पांढरा व्रण राहिला. भीती एकदम गेली नाही. ती रोज थोडी कमी व्हायची, आणि मग एखाद्या सकाळी कुणी पाण्याकडं पाठ फिरवली की पुन्हा तेवढीच व्हायची.

मे महिन्यात हॉप्सचे कोंब कोपराएवढे वर आले. ते तारेला गुंडाळायचं काम नाजूक. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पीळ द्यायचा, नाहीतर वेल चढत नाही. आलोइस आणि दिनकर शेजारशेजारच्या ओळीत गुडघे टेकून बसले होते. शुभा मधल्या पाटात चिखलाच्या भाकऱ्या थापत होती.

एकाएकी ती गप्प झाली. दिनकरनं मान वर केली.

कुंपणापलीकडं, जंगलाच्या कडेला, एक नर उभा होता. लहान शिंगांचा, तांबूस नव्या केसांचा. तो त्यांच्याकडं बघत होता. शुभा उठून बापाच्या पायाला बिलगली. तिची बोटं त्याच्या विजारीत घट्ट रुतली. आलोइस होता तसा गुडघ्यावर राहिला. बंदूक घरी होती. असती तरी तिकडं त्याचा हात गेला नसता. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"डिंकर," तो ओठ न हलवता म्हणाला. "तू बघ. कपाळ बघ."

"धड आहे."

"तोंड?"

"कोरडं आहे. चघळतोय."

"मग जात का नाही?"

नरानं एक पाऊल पुढं टाकलं. शुभाचा श्वास अडकलेला दिनकरला मांडीशी जाणवला. त्यानं तिला उचलायला हात खाली नेला.

मग वारा फिरला. नरानं मान ताठ केली, नाकपुड्या फुगवल्या, आणि कुत्र्यासारखा खरखरीत भुंकला. एकदा, पुन्हा एकदा. आणि उसळी मारून, पांढरं ढुंगण दाखवत, फांद्या मोडत जंगलात घुसला. बराच वेळ त्याचं भुंकणं दूर दूर जात ऐकू येत होतं.

"घाबरला," आलोइस म्हणाला. तो तसाच चिखलात मागं बसला. "शुभी, बघितलंस का? आपल्याला घाबरला तो!" आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

शुभा जंगलाकडं बघत होती. थोड्या वेळानं ती पुन्हा भाकऱ्या थापायला बसली.

दिनकरनं कोंब हातात घेतला. पीळ देताना तो कटकन मोडला. त्यानं सासऱ्याकडं बघितलं. एरवी एवढ्यावर शिवी यायची.

"मोडू दे," आलोइस म्हणाला. "खालून दुसरा येतो. तो घे."